वाढत्या वसाहतीची खरी लोकसंख्या काढायची कशी?

खाडीकाठ (उलवे, ता. पनवेल) यांचा प्रश्न

सप्रेम नमस्कार.

आमच्या सेक्टरमधील काही गृहनिर्माण संस्था मिळून नागरी आरोग्य केंद्राच्या मागणीचे एक निवेदन तयार करीत आहेत. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या निकषाप्रमाणे साधारण 50 हजार लोकवस्तीमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र धरले जाते. त्यामुळे निवेदनाच्या पहिल्याच परिच्छेदात वसाहतीची लोकसंख्या लिहिणे भाग आहे आणि नेमका तोच आकडा आम्हाला कुठे धडपणे मिळत नाही. 2011 च्या जनगणनेच्या वेळी इथे गावठाणे, भातशेती, खाजणे आणि बांधकाम चालू असलेल्या मोजक्या इमारती होत्या. त्यानंतर टॉवर उभे राहिले, जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला, डिसेंबर 2025 मध्ये नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि प्रत्येक टप्प्यावर नवे भाडेकरू येत राहिले. अधिकृत म्हणून दाखवता येईल असा आकडा मात्र अजूनही 2011 चाच आहे.

इतर मार्गही चाचपून पाहिले. मतदार यादीत नावे फारच कमी दिसतात, कारण येथील पुष्कळ कुटुंबांनी आपले मत गावाकडेच ठेवले आहे. वीजमीटर मोजले, तर रिकाम्या सदनिकाही त्यात येतात. शिधापत्रिका निम्म्या लोकांकडे इथल्या पत्त्याच्या नाहीत. आमच्यातील एकांचे म्हणणे असे की, सदनिकांची एकूण संख्या घेऊन तिला सरळ साडेचारने गुणावे आणि मोकळे व्हावे. दुसऱ्यांचे म्हणणे असे की, रात्री खाली उभे राहून वर पाहिले तर कितीतरी खिडक्या काळोख्या दिसतात, तेव्हा असा गुणाकार कोणीही मान्य करणार नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. वेगाने वाढणाऱ्या शहरात लोकसंख्येचा विश्वासार्ह आकडा मिळणे इतके अवघड का असते, म्हणजे अडचण मोजणाऱ्यांची आहे, यादीची आहे, की व्याख्येची? आणि पुढील जनगणनेचे आकडे हाती येईपर्यंत आमच्यासारख्यांनी निवेदनात असे काय लिहावे, की जे वाचणाऱ्या अधिकाऱ्याला सहज खोडून काढता येणार नाही?


जुना सांख्यिक (अलिबाग) यांचे उत्तर

ताई, आपण मांडलेल्या तिन्ही अडचणी खऱ्या आहेत, परंतु त्यांत सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी बोलली जाणारी अडचण व्याख्येची आहे, असे जिल्हा पातळीवरील आकडेवारीच्या कामात बरीच वर्षे काढल्यावर माझे मत झाले आहे. आपण ज्या याद्या पाहिल्या, त्यांपैकी एकही यादी लोकसंख्या मोजण्यासाठी तयार केलेली नाही. मतदार यादी अठरा वर्षांवरील नागरिकांचा हक्क नोंदवते. वीजमीटर जोडणी नोंदवतो. शिधापत्रिकेचे तर आणखी वेगळे आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्राला साधारण 7 कोटी लाभार्थ्यांचा इष्टांक मिळाला, तो 2011 च्या लोकसंख्येवरून ठरला आणि तो भरला की नवे नाव बसवायला आधीचे नाव निघावे लागते. शहर दुप्पट झाले तरी त्या यादीने वाढावे अशी तिची रचनाच नाही, म्हणून तिच्यावरून वाढ मोजू पाहणे व्यर्थ आहे.

जन्मनोंदणीचा मोह पुष्कळांना होतो, कारण ती सक्तीची आहे आणि तिचे आकडे वेळेवर मिळतात. पण जन्माची नोंद जन्म जिथे झाला तिथे होते, आई जिथे राहते तिथे नव्हे. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे आणि अडचणीचे बाळंतपण मोठ्या रुग्णालयाच्या गावी होते. परिणामी ज्या वसाहतीत तरुण जोडपी सर्वाधिक राहतात तिथे जन्म कमी दिसतात आणि जिथे रुग्णालय आहे तिथे भरमसाट दिसतात.

जनगणनेचा पाया मात्र निराळा आहे. तिला माणसाचा हक्क, पत्ता किंवा मालमत्ता यांच्याशी कर्तव्य नसते. ठरावीक काळात तो माणूस राहतो कुठे, एवढेच ती विचारते. 2011 मध्ये 9 ते 28 फेब्रुवारी हा गणनेचा काळ होता, 28 फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली, मार्चच्या पहिल्या पाच दिवसांत फेरतपासणीची फेरी झाली आणि आकडा 1 मार्चच्या मध्यरात्री 00:00 वाजताचा मानला गेला. जो माणूस त्या संपूर्ण काळात घरापासून दूर होता, त्याची गणना तो जिथे सापडला तिथे व्हायची होती. नियम सोपा आहे, पण कोकणातल्या माणसाला तो लावायला गेले की घोळ सुरू होतो, कारण त्याला ‘तुमचे घर कुठे?’ असे विचारले तर तो राजापूर सांगतो आणि झोपतो मात्र उलव्यात.

इतके काटेकोर नियम असूनही माणसे सुटतात. प्रत्येक जनगणनेनंतर नमुना म्हणून काही गट पुन्हा मोजून किती सुटले ते पाहतात. 2011 मध्ये निव्वळ गळती दर हजारी सुमारे 23 निघाली होती. ही देशाची सरासरी आहे. खेड्यांपेक्षा शहरांत गळती अधिक असते. 121 कोटींच्या देशात हजारी 23 म्हणजे पावणेतीन कोटींहून अधिक माणसे होतात, तेव्हा जनगणनेचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य असे मानण्याचे कारण नाही. तरी त्याच्याइतका दुसरा आकडा आपल्याकडे नाही, हेही तितकेच खरे.

आता वाढत्या शहराची खास अडचण सांगतो. 2001 ते 2011 या दशकात रायगड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 19 टक्क्यांनी वाढून 26 लाख 34 हजारांवर गेली. समजा, 2011 मध्ये दोन हजार वस्ती असलेल्या एखाद्या गावाला कोणी हाच दर पुढे पंधरा वर्षे लावला, तर उत्तर येईल सुमारे 2,600. त्या गावाच्या भातखाचरांत पंचवीस मजली इमारती उभ्या असल्या तरी उत्तर तेच येणार! जिल्ह्याच्या सरासरीत पनवेल आणि मुंबईला माणसे पाठवीत आलेले पोलादपूर, म्हसळ्यासारखे तालुके एकत्र कालवलेले असतात. केंद्राच्या तज्ज्ञ गटाने 2011 ते 2036 या काळाचे अधिकृत अंदाज दिले आहेत, पण ते राज्याच्या पातळीवरचे आहेत. सेक्टरच काय, तालुक्यालाही ते लावता येत नाहीत. जन्म आणि मृत्यू यांचा कल सावकाश बदलतो, म्हणून मोठ्या प्रदेशाचा अंदाज बरा निघतो. छोट्या जागी स्थलांतर हाच मुख्य घटक ठरतो, आणि स्थलांतराची नोंद ठेवणारी व्यवस्था आपल्या देशात नाही.

पनवेलचेच पाहा. महापालिका ऑक्टोबर 2016 मध्ये स्थापन झाली. 2017 च्या पहिल्या निवडणुकीसाठी प्रभाग पाडताना 2011 ची सुमारे 5 लाख 10 हजार ही लोकसंख्या धरली आणि 78 नगरसेवक ठरले. जानेवारी 2026 च्या निवडणुकीतही आधार 2011 चाच आणि नगरसेवकही 78 च. मधल्या काळात खारघर आणि कामोठ्याकडे कोणी पाहिलेच नाही असे नाही. कायद्याने ग्राह्य असलेला दुसरा आकडा उपलब्ध नव्हता.


शाळेवरचा माणूस (पनवेल तालुका) यांचे उत्तर

जुना सांख्यिक यांनी व्याख्येबद्दल लिहिले ते मान्य आहे. मी 2011 मध्ये प्रगणक म्हणून काम केले असल्याने दारावर काय होते ते लिहितो, कारण व्याख्या कितीही नेटकी असली तरी ती शेवटी बेल वाजवणाऱ्या शिक्षकाच्या हातात असते.

प्रगणकाला एक गट नेमून दिलेला असतो. 2011 मध्ये तो साधारण सव्वाशे ते दीडशे घरांचा आणि सहा-साडेसहाशे माणसांचा असे, आणि सहा प्रगणकांवर एक पर्यवेक्षक. आधी गटाच्या सीमा पायी फिरून नजरी नकाशा काढायचा, त्यात प्रत्येक इमारतीला क्रमांक द्यायचा, मग घरयादी करायची आणि त्यानंतर काही महिन्यांनी माणसे मोजायची. जुन्या पनवेलच्या आळ्यांसाठी ही पद्धत उत्तम आहे, कारण तिथे घर दिसते आणि घरातला माणूसही दिसतो. टॉवरच्या वसाहतीत मात्र अख्खा गट एकाच इमारतीत बसतो, आणि त्या इमारतीच्या फाटकावर सुरक्षारक्षक असतो, ज्याला सदनिकाधारकाने फोनवर होकार दिल्याशिवाय कोणालाही वर सोडू नये अशी ताकीद असते. सरकारी ओळखपत्र दाखवून प्रवेश मिळतो, नाही असे नाही. पण दुपारी वर गेले तर निम्म्या दारांवर कोणी नसते, आणि रात्री आठनंतर गेले तर लोकांना जेवणाच्या वेळी आलेला पाहुणा नको असतो.

इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. रिकामे घर आणि कुलूपबंद घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिकाम्या घरात कोणी राहतच नाही. कुलूपबंद घरात राहतात, पण आत्ता नाहीत, म्हणून तिथे पुन्हा जावे लागते. दोन्ही दारे बाहेरून सारखीच दिसतात. शेजाऱ्याला विचारावे, तर नव्या वसाहतीत शेजाऱ्याला शेजारी माहीत नसतो. गावात जे उत्तर एका हाकेत मिळते, ते इथे संस्थेच्या सचिवांकडे खेटे घालून मिळवावे लागते, आणि सचिवांनाही भाडेकरूंची खरी संख्या ठाऊक असतेच असे नाही. 2011 मध्ये देशभरातील सुमारे 33 कोटी घरांपैकी जवळपास अडीच कोटी रिकामी नोंदवली गेली. त्यांतली किती खरोखर रिकामी आणि किती नुसती कुलूपबंद, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

दुसरी अडचण भाडेकरूंची. विमानतळ, बंदर आणि गोदामांत काम करणारी पाच-सहा मुले मिळून एक सदनिका घेतात, करार एकाच्या नावे असतो, आणि मालकाने संस्थेला दोनच माणसे राहतात असे सांगितलेले असते. दार उघडणारा मुलगा साहजिकच दोनच नावे सांगतो. जनगणना अधिनियम, 1948 च्या कलम 15 प्रमाणे ही माहिती गोपनीय असते, कोणालाही ती पाहता येत नाही आणि पुरावा म्हणूनही चालत नाही. हे आम्ही समजावून सांगतो, पण समोरच्याच्या डोळ्यांत ‘मालकाला कळले तर?’ हा प्रश्न तसाच राहतो. शिवाय कुटुंबाची व्याख्या एका चुलीवर जेवणारे अशी आहे. ही मुले डबा मागवतात. त्यांची चूल कुठली धरायची? नियमाप्रमाणे याचे उत्तर निघते, पण प्रगणकाला ते प्रत्येक दारावर नव्याने काढावे लागते.

तिसरी अडचण त्या माणसांची, ज्यांच्यामुळे शहर वाढते. बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्या घरयादीच्या वेळी एका भूखंडावर असतात आणि माणसे मोजायची वेळ येईपर्यंत काम संपून दुसऱ्या गटात, कधी दुसऱ्या तालुक्यात गेलेल्या असतात. वीटभट्टीवरची कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वाडी सोडतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात, म्हणजे फेब्रुवारीत त्यांच्या वाडीवर गेलात तर म्हातारी माणसेच भेटतात. भट्टी ज्याच्या गटात आहे त्या प्रगणकाने आडवाटेने तिथवर जाऊन त्यांना मोजले तरच ती मोजली जातात. या वेळी घरयादी एप्रिल ते सप्टेंबर 2026 या काळात प्रत्येक राज्याने ठरवलेल्या तीस दिवसांत आणि माणसांची गणना फेब्रुवारी 2027 मध्ये आहे. मधल्या महिन्यांत पनवेल परिसरात किती इमारतींना भोगवटा प्रमाणपत्रे मिळतील याचा विचार करा. त्या घरांची नावे जुन्या यादीत नसणार.

मोबाइल ॲपमुळे बेरजेच्या चुका टळतील, इमारतीचे स्थान नकाशावर बसेल, आकडेही लवकर हाती येतील, हे चांगलेच आहे. स्वगणनेची सोयही स्वागतार्ह आहे. पण स्वतः होऊन माहिती भरणार कोण? ज्यांना मोजणे आधीच सोपे होते तेच. पत्र्याच्या झोपडीपर्यंत चालत जाण्याला ॲप हा पर्याय नाही. आणि जाणारे पाय बहुतेक शिक्षकांचेच असतील, कारण शिक्षण हक्क कायद्याने आम्हाला ज्या मोजक्या अशैक्षणिक कामांना जुंपता येते, त्यांत जनगणना आहे.


मिरकरवाडा (रत्नागिरी) यांचे उत्तर

वर सगळी चर्चा वाढत्या शहराची चालली आहे, पण जी माणसे उलव्यात आणि खारघरात सापडत नाहीत, ती आमच्या याद्यांमध्ये बसलेली आहेत, ही दुसरी बाजू इथे यायला हवी.

2001 मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 16 लाख 97 हजार होती, ती 2011 मध्ये 16 लाख 15 हजार झाली. सिंधुदुर्गाचीही 8 लाख 69 हजारांवरून 8 लाख 50 हजारांपर्यंत घसरली. त्याच दशकात तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा 36 टक्क्यांनी वाढून 1 कोटी 10 लाखांवर गेला. रत्नागिरीत 2011 मध्ये दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या. यात कौतुक वाटावे असे काही नाही. कमावते पुरुष मुंबईच्या बाजूला आहेत, एवढाच त्याचा अर्थ. तरीही आमच्या वाडीतल्या शिधापत्रिकेवर चाकरमान्याचे नाव आहे, मतदार यादीत आहे, ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या वहीत आहे आणि गावकीच्या वर्गणीच्या यादीत तर सर्वांच्या वर आहे. ही नावे उलव्यात शोधणाऱ्या ताईंना ती तिथे का मिळत नाहीत, याचे उत्तर आमच्याकडे आहे.

फेब्रुवारीतली गणना आमच्यासाठी आणखी एका कारणाने मजेशीर ठरते. 2027 मध्ये होळी 22 मार्चच्या सुमारास आहे, म्हणजे चाकरमानी शिमग्याला येतील तेव्हा गणना आटोपलेली असेल. व्याख्येप्रमाणे ते योग्यच आहे, कारण ते इथे राहत नाहीत. पण गावच्या नळपाणी योजनेचा हिशेब त्याच आकड्यावर होतो आणि शिमग्याला, गणपतीला तीच योजना कोरडी पडते. उलट त्याच फेब्रुवारीत आंब्याच्या बागांत राखणीला आणि मजुरीला आलेले नेपाळी, चिरेखाणींवरचे कर्नाटकातले मजूर आणि मासेमारी नौकांवरचे परप्रांतीय खलाशी मोठ्या संख्येने इथे असतात. खलाशी तर बंदरात असले तरी नौकेवरच झोपतात. जून-जुलैत मासेमारी बंद झाली की ते आपापल्या गावी जातात. त्यामुळे घरयादी ऐन बंदीच्या दिवसांत झाली आणि गणना फेब्रुवारीत, तर एकाच बंदराची दोन चित्रे तयार होतील आणि दोन्ही खरी असतील.

आणखी एक गोष्ट. रत्नागिरी शहर वाढते आहे हे इथल्या कोणालाही दिसते, पण ते वाढते आहे नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, शिरगाव या ग्रामपंचायतींच्या हद्दीत. नगरपरिषदेचा आकडा पाहणारा म्हणेल की शहर जागच्या जागी आहे. गाव न राहिलेल्या वस्त्यांना ओळखण्यासाठी जनगणनेची ‘गणना शहर’ अशी कसोटी आहे: किमान पाच हजार लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसे आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान पाऊण भाग शेतीबाहेर. 2011 मध्ये देशातली अशी शहरे सुमारे 1,360 वरून 3,900 च्या घरात गेली. कागदावर शहर ठरले तरी कारभार ग्रामपंचायतीचाच राहतो, हा भाग वेगळा. हद्दी 31 डिसेंबर 2025 नंतर गोठवल्या आहेत; आता त्या बदलल्या तरी ही गणना जुन्या हद्दींप्रमाणेच होणार.


नळ-जोडणी (पेण) यांचे उत्तर

पाणीपुरवठ्याच्या कामाचा अनुभव असल्याने एक सूचना करतो. याद्या खोटे बोलतात, पाणी बोलत नाही. नागरी योजनेत माणशी दररोज 135 लिटर हे प्रमाण धरतात. आपल्या सेक्टरला मुख्य जलवाहिनीच्या मीटरवरून रोज किती पाणी मिळते तो आकडा मिळवा, गळतीचा भाग वजा करा आणि 135 ने भागा. निवेदनाला पुरेसा आकडा मिळेल.


जुना सांख्यिक (अलिबाग) यांचे उत्तर

नळ-जोडणी साहेबांशी या बाबतीत मी सहमत नाही. 135 लिटर हे आराखड्याचे प्रमाण आहे, प्रत्यक्ष वापराचे नव्हे. टँकर घेणाऱ्या इमारतीत जलवाहिनीचा आकडा माणसे कमी दाखवील, बाग आणि तरणतलाव असलेल्या संकुलात जास्त दाखवील. आणि गळती किती वजा करायची ते तर ज्याने त्याने ठरवायचे. पाण्याचा उपयोग वेगळ्या ठिकाणी आहे. एकाच इमारतीचा वापर गतवर्षीपेक्षा किती वाढला, हे पाहून राहत्या सदनिकांचा कल चांगला कळतो. एकूण माणसे त्यातून काढू नयेत.


खाडीकाठ (उलवे) यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मिरकरवाडा यांनी लिहिलेले वाचून आमच्या संस्थेतील निम्म्या घरांचे कोडे उलगडले. माझ्या स्वतःच्या सासऱ्यांचे नाव अजून गुहागरच्या यादीत आहे आणि ते काढायला ते तयार नाहीत. आता प्रश्न उरतो तो व्यवहाराचा. साडेचारने गुणावे, की 2027 च्या आकड्यांची वाट पाहावी?


जुना सांख्यिक (अलिबाग) यांचे उत्तर

वाट पाहू नका. पहिले एकूण आकडे लवकर आले तरी गावनिहाय आणि प्रभागनिहाय तपशील हाती यायला वेळ लागतो. 2011 च्या स्थलांतराच्या तक्त्यांना कित्येक वर्षे लागली होती. आणि साडेचारनेही गुणू नका. राज्याची 2011 ची कुटुंबाची सरासरी साडेचारच्या वर होती हे खरे, पण त्यात खेड्यातली एकत्र कुटुंबे आहेत. एक-दोन खोल्यांच्या सदनिकांच्या वसाहतीत ती बहुधा लहान असेल, आणि मुख्य म्हणजे ती राहत्या घराची सरासरी आहे, बांधलेल्या घराची नाही.

आपल्याला तीन संख्या लागतील: एकूण सदनिका, त्यांपैकी राहत्या किती, आणि राहत्या सदनिकेत सरासरी माणसे किती. पहिली संस्थांच्या नोंदींवरून मिळते. उरलेल्या दोन नमुन्यावरून काढाव्या लागतील. इमारतींचे जुन्या, नव्या आणि नुकताच ताबा मिळालेल्या असे गट करा, कारण राहत्या घरांचे प्रमाण या तिघांत फार वेगळे असते, आणि प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकून सदनिका निवडा. ओळखीच्या इमारती घेऊ नका. ओळखीच्या इमारतीत माणसे नेहमी जास्त भेटतात. दार बंद असेल तर शेजारचे दार घेऊ नये, त्याच दारावर रविवारी आणि रात्री पुन्हा जावे. बंद दाराऐवजी उघडे दार घेण्याची सवय ही अशा पाहण्यांतील सर्वांत घातक चूक आहे, कारण तिच्यामुळे रिकामी घरे हिशेबातूनच नाहीशी होतात. ‘घरात किती माणसे आहेत?’ असे न विचारता ‘काल रात्री इथे किती जण झोपले होते?’ असे विचारा, आणि रात्रपाळीला गेलेल्यांचे वेगळे विचारून घ्या. नावे विचारू नका. नाव न विचारल्यामुळे शाळेवरच्या गुरुजींनी सांगितलेली ती सदनिका दोनाऐवजी सहा म्हणेल, अशी आशा आहे.

समजा, एकूण 12 हजार सदनिका आहेत, नमुन्यात 70 टक्के राहत्या निघाल्या आणि सरासरी 3.6 माणसे आली, तर गुणाकार 30,240 येतो. हा एकच आकडा लिहिलात, तर पहिला आक्षेप त्याच्या शेवटच्या 240 वर येईल. राहत्या घरांचे प्रमाण 65 ते 75 टक्के आणि सरासरी 3.4 ते 3.8 धरून साडेसव्वीस हजार ते सुमारे 34 हजार असा पल्ला लिहा, आणि पाहणीची तारीख व पद्धत त्याखाली द्या. गावठाणे आणि मजुरांच्या वस्त्या यांची मोजणी निराळी करून निराळीच दाखवा. साडेचारचा सरळ गुणाकार याच उदाहरणात 54 हजार देतो. तो कोणीही पाच मिनिटांत मोडील.

पडताळणीसाठी आशा सेविकांची कुटुंब-नोंदवही आणि पल्स पोलिओच्या फेरीतील पाच वर्षांखालील मुलांची संख्या यांच्यासारखा दुसरा स्रोत नाही, कारण त्या दारोदार जातात आणि त्यांना पत्त्याच्या पुराव्याशी देणेघेणे नसते. फक्त मुलांवरून एकूण लोकसंख्या काढताना जपावे. 2011 मध्ये राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा वाटा सुमारे 12 टक्के होता. त्यानंतर जन्मदर घटला आहे, पण तरुण जोडप्यांच्या वसाहतीत हा वाटा सरासरीहून अधिक असणार. दोन्ही दुरुस्त्या विरुद्ध दिशेच्या आहेत, म्हणून या मार्गाचा उपयोग आपला पल्ला साधारण जागेवर आहे की नाही हे पाहण्यापुरताच करावा.

शेवटी एक गोष्ट, जी आकड्याआधी पाहायला हवी होती. आपली वसाहत पनवेल महापालिकेच्या हद्दीत नाही. नागरी आरोग्य अभियान जिल्ह्यांची मुख्यालये आणि 50 हजारांवरची शहरे यांच्यासाठी आखलेले आहे, आणि 2011 च्या कागदावर आपला भाग शहर नव्हताच. त्याउलट ग्रामीण भागात सपाटीवर 30 हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हे प्रमाण आहे. आपला पल्ला वरच्या उदाहरणासारखा निघाला, तर नागरी निकषाने मागणी अपुरी ठरेल आणि ग्रामीण निकषाने ती मान्य होण्याजोगी असेल. तेव्हा निवेदन दोन कार्यालयांना द्या, जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला ग्रामीण निकषावर आणि नियोजन प्राधिकरणाला वाढीच्या वेगावर. त्याआधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाऊन आपली गावे सध्या कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्राला जोडली आहेत आणि त्या केंद्राच्या कागदावर एकूण किती लोकसंख्या दाखवली आहे, हे लेखी मागून घ्या.